कोरियाच्या युद्धाचं पुलगावी ऑडिट

टोलेडो, ओहायो
दसऱ्याचा दुसरा दिवस

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना


परवा फोनवर बाबांचा हुकूम सुटला, "तोंडी काई सांगू नको, लेखी पाठव. फोनवरचं रेकॉर्डवर येत नाई." पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी आमच्या घरात जावक क्रमांकाशिवाय कागद हलत नाही. म्हणून हे पत्र. विषय : 'मॅश' या मालिकेत आढळलेल्या तफावतींबाबत. संदर्भ : आपण इथे ठेवून गेलेली वही.

बाबा हे पत्र चौकातल्या चहाच्या टपरीवर मोठ्याने वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. तेव्हा मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी. 'मॅश' म्हणजे लढाईच्या तोंडाशी तंबूत चालणारं अमेरिकी फौजेचं फिरतं इस्पितळ. रिचर्ड हूकर या टोपणनावाने एका डॉक्टरने 1968 मध्ये त्यावर कादंबरी लिहिली, 1970 मध्ये रॉबर्ट ऑल्टमनने सिनेमा केला आणि 1972 पासून 1983 पर्यंत टीव्हीवर मालिका चालली. शेवटचा अडीच तासांचा भाग दहा कोटींहून जास्त लोकांनी पाहिला म्हणतात. गेल्या हिवाळ्यात आई-बाबा इथे आले होते, दारापुढे गुडघाभर बर्फ आणि आत बाबा कंटाळलेले, म्हणून मी ग्रंथालयातून पहिल्या डीव्हीडी आणल्या. दोन भाग झाले आणि बाबांनी नातवाची कोरी वही मागून घेतली. पट्टीने रकाने आखले. अनुक्रमांक, तपशील, आढळलेली तफावत, शेरा.

पहिलीच नोंद जबर आहे. कोरियाचं युद्ध 25 जून 1950 ला सुरू झालं आणि 27 जुलै 1953 ला थांबलं. मालिका चालली अकरा हंगाम, भाग 256. बाबांचा शेरा : "तीन वर्षाचं काम अकरा वर्ष चाललं. मुदतवाढ कोनं देल्ली?" वर्ध्यातल्या कोणत्याही उड्डाणपुलाकडे बोट दाखवून मी याचं उत्तर देऊ शकले असते, पण वडीलधाऱ्यांपुढे बोलले नाही.

त्याच पानावर कर्नल पॉटरचं प्रकरण. हा नवा प्रमुख छावणीत रुजू होतो ती तारीख मालिकेतच सांगितली आहे, 19 सप्टेंबर 1952. पुढे काही हंगामांनी एक भाग येतो, त्यात एका नववर्षापासून दुसऱ्या नववर्षापर्यंतची गोष्ट आहे. वर्ष कोणतं? 1951. आणि पॉटरसाहेब पहिल्या रात्रीपासून हजर! त्यांच्याही नंतर आलेला बॉस्टनचा गर्विष्ठ डॉक्टर विंचेस्टरही हजर. शेरा लाल शाईत : "हजेरी आधी, बदलीचा आदेश नंतर. पगार कोनत्या तारखेपासून काढला?"

एवढ्यावर भागत नाही. पॉटरचं काम करणारा नट हॅरी मॉर्गन. तोच त्याच्या आदल्या हंगामाच्या पहिल्या भागात एका चक्रम जनरलच्या भूमिकेत येऊन गेला होता. बाबांनी रिमोट हातात घेऊन चित्र थांबवलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हा मागच्या साली जनरल म्हनून इन्स्पेक्शनले आला होता. आता कर्नल म्हनून येऊन रायला. डिमोशन झालं वाटते." खरी गोष्ट उलटी आहे. तो वेडा जनरल त्याने इतका झकास रंगवला की निर्मात्यांनी पुढच्या वर्षी त्यालाच कायमचं घेतलं. आपल्याकडे परीक्षा देऊन नोकरी लागते, त्याला वेडेपणा करून लागली.

पॉटरच्या आधीचा प्रमुख हेन्री ब्लेक. त्याच्या बायकोचं नाव सुरुवातीला मिल्ड्रेड. थोड्या भागांनी तीच बायको लॉरेन झाली. मग हेन्री गेला, पॉटर आला आणि पॉटरच्या बायकोचं नाव काय, तर मिल्ड्रेड! बाबांनी नोंद केली, "चार्ज देताना डेड स्टॉकसोबत नावही हस्तांतरित." आई तेव्हा मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमाले माह्या भावाच्या बायकोचं नाव तरी आठवते का?" तुम्ही आवाज वाढवलात. टीव्हीचा.

आईचा स्वतःचा आक्षेप वेगळाच होता आणि तो तिला फार लागला. नायक हॉकाय वडिलांना पत्रं लिहितो. आधीच्या भागांत त्या पत्रांतून आईला आणि बहिणीला निरोप असायचे. पुढे कळतं की तो एकुलता एक आहे आणि आई तो लहान असतानाच वारली. त्याचं घरही आधी व्हरमाँट राज्यात होतं, ते नंतर मेनमधल्या क्रॅबॲपल कोव्ह या गावी कायमचं गेलं. गावाचं आईला काही वाटलं नाही. पण, "बहीन कुठी गेली गं त्याची?" हे तिने मला पुढच्या आठवडाभर विचारलं. मी सांगितलं, लेखक विसरले. "घरचं मानूस असं कसं इसरते कोनी?" लेखक बदलले, वर्षं लोटली, जुने भाग पुन्हा पाहायला तेव्हा कोणाकडे व्हिडिओ नव्हते, असं सगळं मी समजावलं. तिला ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही सांगताना पटत नव्हतं.

नातवाचं योगदान एकच, पण बिनतोड. छावणीचा कारकून रडार एका भागात कॉमिक वाचतो. पोरगं ओरडलं, "आजोबा, हे तर ॲव्हेंजर्स!" ॲव्हेंजर्सचा पहिला अंक निघाला 1963 मध्ये, युद्ध संपून दहा वर्षांनी. बाबांनी त्याला वहीत स्वतःच्या हाताने नोंद करू दिली आणि खाली 'तपासले' म्हणून सही केली. नातवाच्या मराठी अक्षरातली ती या घरातली सर्वांत लांब ओळ आहे. मराठी शाळेच्या बाईंना दाखवली, त्यांनी ऱ्हस्वदीर्घाच्या तफावती काढल्या.

हवामान हा तुमचा खास विषय. पडद्यावर कोरियातली कडाक्याची थंडी, सगळे जाड कोटात, आणि बाबा म्हणतात, "यायच्या कपाळावर घाम काऊन हाय?" मे महिन्यात वर्ध्याचं ऊन झेललेल्या माणसाच्या नजरेतून घाम सुटत नाही. बाहेरची दृश्यं कॅलिफोर्नियात, मालिबूजवळच्या डोंगरात चित्रित व्हायची. नट बिचारे रणरणत्या उन्हात लोकरीचे कोट घालून कुडकुडायचे. 1982 मध्ये त्याच डोंगरात वणवा लागला, छावणीचा बाहेरचा सेट जळाला, आणि लेखकांनी तो वणवाच शेवटच्या भागाच्या कथेत घेतला. नुकसान झालं तर ते जमाखर्चात कसं बसवायचं, हे त्यांना जमलं असा शेरा तुम्ही मारलात. बाबांच्या वहीतली ही पहिली शाबासकी.

रडारच्या नावावर तुमच्या दोन नोंदी आहेत. पहिली अशी की हे पोरगं सुरुवातीला सिगार ओढतं, साहेबाची व्हिस्की चोरून पितं, आणि पुढच्या हंगामांत ते टेडी अस्वल घेऊन झोपणारं खेड्यातलं साधंभोळं लेकरू होतं. शेरा : "सर्व्हिसमधे मानूस बिघडते. हा एकटा सुधरला." दुसरी नोंद, "हा कारकून एक हात सारखा फायलीमागं लपवते." मी शोधून सांगितलं की गॅरी बर्गहॉफ या नटाच्या डाव्या हाताची काही बोटं जन्मतःच आखूड आहेत. म्हणून हातात कायम पॅड नाहीतर फाईल. तुम्ही काही न बोलता ती नोंद पट्टी धरून खोडलीत आणि बाजूला 'आक्षेप वगळला' लिहिलंत.

आता आवडत्या विनोदांकडे. बाबा, तुम्ही हसत नाही असा तुमचा समज आहे. पण कॅप्टन टटलच्या भागाला तुम्हाला ठसका लागला होता, आईने पाठ चोळली. हॉकाय अनाथाश्रमाला फौजेचं सामान पोचवण्यासाठी टटल नावाचा एक अधिकारी कागदावर जन्माला घालतो. त्याची फाईल तयार होते, पगार निघतो, तोही अनाथाश्रमाला जातो. टटल इतका गुणी ठरतो की जनरल पदक द्यायला निघतात. मग त्याला मारावं लागतं. तो म्हणे हेलिकॉप्टरमधून उडी मारताना पॅराशूट घ्यायलाच विसरला. शेवटी श्रेयनामावलीत टटलची भूमिका 'स्वतः टटल' यांनी केली असंही झळकतं. तुम्ही डोळे पुसत म्हणालात, "आपल्या इथं रोजगार हमीच्या हजेरीपटावर असे किती टटल होते! पन त्याईचा पगार अनाथाश्रमात नाई गेला."

इन्क्युबेटरच्या भागाला मात्र सगळं जग एका बाजूला आणि तुम्ही दुसऱ्या. डॉक्टरांना इन्क्युबेटर हवा असतो. पुरवठा अधिकाऱ्याकडे तीन असतात. तो देत नाही, कारण एक दिला तर दोनच उरतील. मी आणि तुमचे जावई पोट धरून हसलो. तुम्ही गंभीर. "बरोबर हाय त्याचं. उद्या ऑडिटवाला तीन मागन, तं हा कुठून आनन?" स्टोअरकीपरची बाजू घेणारा या मालिकेला पन्नास वर्षांत बहुधा पहिलाच प्रेक्षक मिळाला.

डॉक्टरांच्या तंबूतली दारूची भट्टी दिसली की आई पदर तोंडाला लावायची. "अन् हे ऑपरेशन करतेत!" आपला जिल्हा गांधी-विनोबांचा. सत्तरच्या दशकापासून दारूबंदी, आणि मोहाच्या हातभट्टीवर छापा पडल्याच्या बातमीशिवाय वर्तमानपत्राला पान नाही. बाबांचा जुनाच विनोद तिथे नवा होऊन आला, "जिल्ह्यात दारू बंद, दारूगोळा चालू." मी तुम्हाला सांगितलं की हूकरची कादंबरी आली 1968 मध्ये, आणि पुढच्याच वर्षी सुशीला नायर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढलं. तिथले विद्यार्थी खादी घालतात, सुरुवातीला आश्रमात राहून संस्कार शिबिर करतात. हॉकायला तिथे प्रवेश मिळाला असता तर? आई म्हणाली, "सुदरला असता." बाबा म्हणाले, "सूत कातता कातता त्यानं चरख्याची भट्टी केली असती."

पाच वाजताच्या चार्लीचा भाग. शत्रूचा एक वैमानिक रोज संध्याकाळी पाचच्या ठोक्याला येतो, दारूगोळ्याच्या साठ्यावर नेम धरून एकच बॉम्ब टाकतो आणि रोज चुकतो. छावणी खुर्च्या मांडून त्याच्या नेमावर पैजा लावते. फ्रँक बर्न्स नावाचा मूर्ख मेजर हट्टाने विमानविरोधी तोफ मागवतो आणि चार्लीला जे कधी जमलं नाही ते ती तोफ करते. आपलाच साठा उडवते. विनोद अव्वल आहे. तुम्ही हसला नाहीत. 31 मे 2016 च्या पहाटे डेपोला आग लागली तेव्हा मी इथून फोन लावत होते आणि लाईन लागत नव्हती. आगरगाव-नागझरीकडची माणसं अंधारात घर सोडून निघाली. अधिकारी गेले, जवान गेले, आग विझवणारे गेले. तुमच्या हाताखाली काम शिकलेली पोरं तिथे होती. चार्लीचा भाग संपल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "दवाखान्याच्या इतक्या जवळ साठा ठेवत नसतेत." वहीत ती नोंद नाही. मला वाटतं तीच सगळ्यात खरी होती. कुठे हसू नये हे मालिकेच्या निर्मात्यांनाही कळत असावं. टीव्ही कंपनीने हट्ट धरून भागांमागे रेकॉर्ड केलेलं हसू घातलं होतं, पण शस्त्रक्रियेच्या तंबूत ते वाजणार नाही ही अट निर्मात्यांनी मान्य करून घेतली. आई विचारायची ना, "हे मांगून कोन हसून रायलं?" डीव्हीडीत ते हसू बंद करायची सोय आहे. आम्ही केलं. मग खोलीत फक्त तुमचं हसू ऐकू यायचं, आणि कुठे ते थांबतं हेही.

आता तुमचा सर्वांत मोठा आक्षेप, जो तुम्ही पूर्ण पानावर लिहून खाली दोन रेघा मारल्यात : "आपली मानसं कुठी हायेत?" आम्ही पाहिलेल्या भागांत तरी दिसली नाहीत. आणि ती तर खरीखुरी तिथे होती! लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांची 60 पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स 1950 च्या नोव्हेंबरात कोरियात उतरली. सुमारे साडेतीनशे माणसं, तीही तंबूत ऑपरेशनं करणारी. डिसेंबरात चिनी फौजा आल्या, प्याँगयाँग सोडायची वेळ आली आणि सामान न्यायला गाड्या नाहीत. यांनी एक जुनं रेल्वे इंजिन शोधलं, बादल्यांनी पाणी भरलं, चालवता येणारे जवान आपल्यातूनच काढले आणि पूल उडवले जाण्याआधी सगळा दवाखाना गाडीत घालून दक्षिणेला आणला. 1951 च्या मार्चमध्ये रंगराज आणि त्यांचे काही जण अमेरिकी सैनिकांबरोबर पॅराशूटने उतरले. पॅराशूट घ्यायला कोणी विसरलं नाही. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं. आणि युद्ध थांबल्यावर कैद्यांची जबाबदारी घ्यायला भारताची जी फौज गेली, तिचे प्रमुख आपले मराठी मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. त्यांच्या छावणीचं नाव हिंद नगर. एवढं सगळं असताना मालिकेत एक साधा पोह्याचा घाणा नाही! इंजिनाची गोष्ट ऐकून तुम्ही म्हणालात, "वर्धा जंक्शनचा एखादा फायरमन असन त्यात." तसा पुरावा नाही, पण मी आक्षेप घेतला नाही.

कारण आक्षेपच घ्यायचे तर, बाबा, तुमची आर्वीच्या गाडीची गोष्ट घेऊ. पुलगाव-आर्वी छोट्या लाईनची गाडी सुटली आणि तुम्ही रुळाशेजारून धावत जाऊन पुढच्या वळणावर तिला गाठलं. माझ्या लहानपणी सांगितलीत त्यात तुम्ही मॅट्रिकच्या परीक्षेला निघाला होता. माझ्या लग्नात जावयांना सांगितलीत तेव्हा आत्याच्या लग्नाला निघाला होता. गेल्या हिवाळ्यात नातवाला सांगितलीत त्यात पाऊस होता, डोक्यावर पोतं होतं आणि गार्डने झेंडी दाखवून सलाम केला. आई आतून म्हणाली, "मॅट्रिकची परीक्षा मार्चात असते." नातवाने वही उघडलीसुद्धा होती. मी मिटवली.

एकेका गोष्टीवर माणसांचा जीव जडला की ती गोष्ट वाढते, आणि वाढली की जुने सांधे उसवतात. तीन वर्षांचं युद्ध अकरा वर्षं चाललं, कारण त्या तंबूतली माणसं घरी जावीत असं पाहणाऱ्यांना वाटत होतं आणि जाऊ नयेत असंही वाटत होतं. हेन्री ब्लेकला 1975 मध्ये घरी पाठवलं, तर त्याचं विमान समुद्रावर पाडलं गेल्याची बातमी रडार ऑपरेशनच्या तंबूत येऊन सांगतो. ते शेवटचं पान शूटिंगच्या वेळेपर्यंत बहुतेक नटांनाही दाखवलं नव्हतं. दुसरा एक डॉक्टर, ट्रॅपर, निरोप न घेताच गेला, कारण नटच मध्ये सोडून गेला. नीट, तारीखवार, हिशोबाने घरी कोण गेलं?

आणि क्लिंगर. तो आमच्या टोलेडोचा, म्हणून इथे त्याचा फार अभिमान. त्याचं काम करणारा जेमी फारही याच गावचा. वेडा ठरवून घरी पाठवावं म्हणून हा पठ्ठ्या वर्षानुवर्षं बायकांचे झगे घालून पहाऱ्याला उभा राहतो. तुम्ही त्याच्या अर्जांना दाद द्यायचात, "आमच्याकडं रजेसाठी नुसत्या आज्या मारत होते, हा तं लुगडंच नेसला!" पण शेवटच्या भागात युद्ध संपतं, सगळे घरी निघतात, आणि कोरियात मागे राहतो तो क्लिंगर. तिथल्या मुलीशी लग्न करून, तिचे हरवलेले आईवडील शोधायला. टोलेडोचा माणूस परदेशी राहिला आणि पुलगावची माणसं टोलेडोत. आई, तू फोनवर दर वेळी विचारतेस, "मंग कवा येता कायमचे?" आणि हे दर वेळी म्हणतात, "दोन वर्षांत." तू हसून विषय बदलतेस, वही काढत नाहीस. बाबांनी तुझ्याकडून ऑडिट शिकावं.

तरी सदर तफावती मान्य करून, वसुली न करता, सर्व आक्षेप निकाली काढण्यात यावेत अशी शिफारस करते. उरलेल्या तीन हंगामांच्या नोंदी नातू करतोय, त्या डिसेंबरअखेर मिळतील.

आता कामाचं. हॉकाय रोजच्या कलेजी-मासळीला विटतो आणि थेट शिकागोहून भाजलेल्या बरगड्या मागवतो, तो भाग आठवतो ना? सगळं जमतं, कोबीची कोशिंबीर मागवायची तेवढी राहते. माझ्या नणंदबाई पुढल्या महिन्यात नागपूरहून निघताहेत. त्यांच्यासोबत गोरस भांडारचं गोरसपाक पाठवा. दोन डबे, एक प्रवासात संपतो. आणि जवसाची चटणी. चटणी राहू देऊ नका. आईने बांधावी, बाबांनी फक्त यादी करावी. यादी तीन प्रतींत नको.

आपली लाडकी,
टोलेडो शाखा

ता. क. बाबा, एक डबा दिला तर घरात दोनच उरतील, हे कारण चालणार नाही.